परदेशी निघण्याआधी आपलं इंग्रजी कसं तपासावं

व्हिसा झाला, तिकीट झालं, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे बँड मिळाले, भाजणी आणि गोडा मसाला बॅगेत गेला. इंग्रजी तर येतंच, असं म्हणून बहुतेक जण पुढच्या कामाला लागतात. शिकायला निघालेली मुलं, ऑनसाइट निघालेले इंजिनिअर, लेकीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी निघालेले आईबाबा, सगळ्यांची तयारी असते ती तिथले उच्चार कळणार नाहीत अशी. अडतं मात्र वांगं, औषध, मजला, तारीख असल्या साध्या गोष्टींवर.

मुळीच न कळलेला शब्द फारसा त्रास देत नाही. माणूस विचारतो, समोरचा सांगतो, विषय संपतो. घोळ घालतो तो ओळखीचा शब्द, जो आपल्यालाही येतो आणि समोरच्यालाही, पण दोघांच्या डोक्यात वस्तू वेगळी असते. दोघंही मान डोलावून निघून जातात. म्हणून तिथल्या बोलीच्या लांबलचक याद्या पाठ करत बसू नका. आधी आपल्याच खिशातले शब्द बाहेर काढून बघा.

१. घरचं इंग्रजी वेगळं काढा

आपण बोलतो ते ब्रिटिश इंग्रजी, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा. त्यात ब्रिटिशांचं चालू इंग्रजी आहे, त्यांनी केव्हाच टाकून दिलेलं आहे आणि आपण स्वतः घडवलेलंही आहे. 'स्टेपनी' घ्या. १९०४ साली वेल्समधल्या लानेल्ली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, गाडीचं जादा चाक तयार व्हायला लागलं आणि त्या चाकाला रस्त्याचं नाव चिकटलं. आज ब्रिटनमधल्या मेकॅनिकला 'स्टेपनी' म्हटलंत तर त्याला लंडनचा एक भाग आठवेल. आपल्याकडचा पंक्चरवाला मात्र दुसरा शब्दच वापरत नाही. गाडीच्या डिकीचंही तेच. ब्रिटनमध्ये तिला 'बूट' म्हणतात, अमेरिकेत 'ट्रंक'.

एका कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात फक्त आपल्याकडेच चालणारे शब्द लिहा: प्रीपोन, बीएचके, कझिन ब्रदर, आउट ऑफ स्टेशन, लाख, कोटी. यांनी फार तर समोरचा गोंधळतो आणि पुन्हा विचारतो. दुसऱ्यात ब्रिटनमध्ये चालणारे पण अमेरिकेत अडणारे घाला: फोर्टनाइट, टॉर्च, पेट्रोल, क्यू. फोन नंबर सांगताना 'डबल नाइन' म्हणायची सवयही इथेच. अमेरिकन माणूस 'डबल'पाशी थबकतो, त्यामुळे तिथे 'नाइन नाइन' म्हणा.

तिसरा रकाना लाल पेनाने लिहा. शब्द एकच, अर्थ दोन. भूक लागली म्हणून "जवळ चांगलं हॉटेल कुठे आहे?" असं विचारलंत तर तुम्हाला राहायची खोली दाखवतील. ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या गावात जुन्या इमारतीवर 'हॉटेल' अशी पाटी दिसली तर ती पुष्कळदा पबची असते. 'ट्यूशन' म्हणजे अमेरिकेत कॉलेजची फी, क्लास नव्हे. आपण 'पास आउट' होतो तेव्हा हातात पदवी असते, तिकडे 'पास आउट' झालेल्या माणसाच्या तोंडावर पाणी मारावं लागतं. 'फ्रेशर' ब्रिटनमध्ये विद्यापीठात नुकता दाखल झालेला विद्यार्थी, नोकरी शोधणारा पदवीधर नव्हे. लग्नाच्या जाहिरातींतला 'होमली' तर पार उलटा. ब्रिटनमध्ये उबदार, घरगुती वाटणाऱ्या जागेला तो लावतात, आणि अमेरिकेत एखाद्या मुलीला 'होमली' म्हणणं म्हणजे ती दिसायला यथातथाच आहे असं तोंडावर सांगणं.

२. कुठल्या घराण्यात चाललो आहोत ते बघा

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, सिंगापूर ही मंडळी ढोबळमानाने ब्रिटिश वळणाची, प्रत्येकाचा आपापला मसाला वेगळा. अमेरिकेने नोआ वेब्स्टरच्या १८२८ च्या शब्दकोशापासून स्पेलिंगमध्ये उघड फारकत घेतली आणि शब्द तर जो स्थलांतरित येईल त्याच्याकडून उचलले: डचांकडून 'कुकी' आणि 'बॉस', स्पॅनिशमधून कोथिंबिरीचं 'सिलँट्रो'. कॅनडाला गृहीत धरू नका. तिथे स्पेलिंग बरंचसं ब्रिटिश आणि बोलणं बरंचसं अमेरिकन असतं. शिवाय स्वतःचं वेगळंच काही असतं. एक डॉलरचं नाणं 'लूनी', दोन डॉलरचं 'टूनी'. टोरांटोत घरमालकाने 'हायड्रो वेगळा भरावा लागेल' असं सांगितलं तर ते पाण्याचं नव्हे, विजेचं बिल असतं. ओंटारियोत वीज पूर्वीपासून धबधब्यांवर तयार होत आली, तिथून ते नाव पडलं.

३. शब्दकोशाआधी किराणा दुकान उघडा

तपासण्याची सगळ्यात चांगली युक्ती फुकट आहे. ज्या देशात जाणार तिथल्या मोठ्या सुपरमार्केटच्या साइटवर जा आणि तुमचे रोजचे शब्द एकेक करून टाका. फोटो बघा, नाव टिपून घ्या. नुसता फोटो शोधून भागत नाही, कारण आपला फोन आपल्याच देशाचे निकाल दाखवतो. दुकानाच्या साइटवर जी वस्तू येते ती तिथल्याच नावाने येते.

भाज्यांचा प्रश्न लवकर सुटतो. वांगं ब्रिटनमध्ये 'ओबर्जिन', अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात 'एगप्लांट'. आपलं 'ब्रिंजल' पोर्तुगीजांकडून आलं, मराठीतले बटाटा आणि पाव आले त्याच वाटेने, आणि ते सिंगापूरला आणि दक्षिण आफ्रिकेतही ओळखतात. ढोबळी मिरची 'कॅप्सिकम' म्हणून ऑस्ट्रेलियात सहज मिळेल. ब्रिटनमध्ये ती नुसती 'पेपर', अमेरिकेत 'बेल पेपर'. भेंडीसाठी सगळीकडे 'ओक्रा' म्हणा. 'लेडीज फिंगर' मागाल तर गोड बिस्किटं हातात पडण्याची शक्यता आहे.

पिठांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तिथे पदार्थच बिघडतो. मैदा ब्रिटनमध्ये 'प्लेन फ्लोअर', अमेरिकेत 'ऑल-पर्पज फ्लोअर'. शेजारच्याच खणात 'सेल्फ-रेझिंग' असतो, त्यात बेकिंग पावडर मिसळलेली असते, त्याच्या शंकरपाळ्या करून बघू नका. कॉर्नफ्लोअर हा खरा चकवा. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये ती पांढरी, सूप दाट करायची पूड. अमेरिकेत 'कॉर्न फ्लोअर' म्हणजे मक्याचं बारीक पीठ, आणि आपल्याला हवी ती वस्तू 'कॉर्नस्टार्च'. बेसन 'ग्रॅम फ्लोअर' किंवा 'चिकपी फ्लोअर'. रव्याला 'सेमोलिना' म्हणतात, पण उपम्यासाठी बारीक-जाड असा आपला भेद हवा असेल तर सरळ भारतीय दुकान गाठावं. दह्याला 'कर्ड' म्हणू नका, 'प्लेन योगर्ट' म्हणा.

खायला बाहेर गेलात की 'आँत्रे' बघा. अमेरिकेत तो मुख्य पदार्थ असतो, ऑस्ट्रेलियात जेवणाआधीची छोटी डिश. त्याच नावाखाली सिडनीत पोट भरत नाही आणि शिकागोत डबा घरी न्यावा लागतो. अमेरिकन 'लेमनेड' हे आपल्या लिंबू सरबताचं भावंड, ब्रिटनमध्ये त्याच नावाचं बुडबुडे येणारं थंड पेय मिळतं. 'सायडर' जास्त जपून. अमेरिकेत तो सहसा सफरचंदाचा गढूळ रस असतो आणि लहान मुलांनाही देतात, ब्रिटनमध्ये ती दारू असते.

शाकाहारी लोकांसाठी दोन सूचना. 'व्हेज' आणि 'नॉन-व्हेज' ही आपली जोडी बाहेर चालत नाही. ब्रिटनमध्ये 'व्हेज' म्हणजे नुसत्या भाज्या, आणि 'नॉन-व्हेज' ऐकून अमेरिकन वेटर बघतच राहतो. 'आय अ‍ॅम व्हेजिटेरियन' म्हणा, आणि अंडं चालत नसेल तर ते स्वतंत्र सांगा, कारण तिकडच्या शाकाहारात अंडं धरलेलं असतं. दुसरं, नाताळातल्या 'मिन्स पाय'मध्ये खिमा नसतो, सुकामेवा असतो. तरी पाकिटावर 'सुएट' हा शब्द शोधा. तो साधा असेल तर ती गाईबैलाची चरबी, वनस्पतीजन्य असेल तर तसं लिहिलेलं असतं.

पार्सल हवं असेल तर अमेरिकेत 'टू गो', ब्रिटन-ऑस्ट्रेलियात 'टेकअवे'. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, 'दापाओ' कानावर येईल. तिथेच टेबलावर नुसतं टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कोणीतरी 'चोप' केलेली आहे, म्हणजे धरून ठेवली आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

४. घर घेताना

'फर्स्ट फ्लोअर' ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात आपल्यासारखाच, एक जिना चढून. अमेरिकेत आणि कॅनडात बहुतेक ठिकाणी तो तळमजला. आईच्या गुडघ्यांसाठी खालचं घर शोधत असाल तर जाहिरातीतला आकडा बघून थांबू नका, जिने किती ते विचारा. 'टू बीएचके' ऐवजी 'टू बेडरूम'. गीझरला अमेरिकेत 'वॉटर हीटर', ब्रिटनमध्ये 'बॉयलर'. दक्षिण आफ्रिकेत मात्र तो गीझरच, तिथे आपण घरच्यासारखे. कपड्यांचं कपाट 'वॉर्डरोब' किंवा 'क्लॉझेट'. आयर्लंडमध्ये कपाटाला 'प्रेस' म्हणतात, त्यामुळे घरमालकीण कप प्रेसमध्ये आहेत म्हणाली तर इस्त्री शोधायला जाऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या दुकानात 'मँचेस्टर' अशी पाटी लावलेला विभाग चादरी, अभ्रे, टॉवेल यांचा. इंग्लंडातल्या मँचेस्टरचं सुती कापड जगभर जात होतं, त्या काळाची ती आठवण.

रस्त्यावर एकच शब्द जिवाचा आहे: 'पेव्हमेंट'. ब्रिटनमध्ये पायी चालायची जागा, अमेरिकेत गाड्या धावतात तो डांबरी किंवा सिमेंटचा पृष्ठभाग. तिथे फूटपाथला 'साइडवॉक' म्हणतात. जोहान्सबर्गमध्ये पत्ता विचारलात आणि कोणी 'रोबोटपाशी डावीकडे वळा' म्हणालं तर घाबरू नका, रोबोट म्हणजे सिग्नल.

५. दवाखान्याचे शब्द सगळ्यात आधी पाठ करा

बाकी ठिकाणी चूक झाली तर हसून निभावतं. इथे निभावत नाही.

ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यालाच 'सर्जरी' म्हणतात. कोणी 'उद्या सर्जरीत जायचंय' म्हणालं तर त्याचं ऑपरेशन आहे असं धरू नका. मेडिकलचं दुकान ब्रिटन-ऑस्ट्रेलियात 'केमिस्ट' किंवा 'फार्मसी', अमेरिकेत 'फार्मसी' किंवा 'ड्रगस्टोअर'. अमेरिकेत 'केमिस्ट' हा प्रयोगशाळेत काम करणारा रसायनशास्त्रज्ञ. तातडीचा विभाग ब्रिटनमध्ये 'ए अँड ई', अमेरिकेत 'ईआर'. जखमेवरची चिकटपट्टी ब्रिटनमध्ये 'प्लास्टर', अमेरिकेत 'बँड-एड'.

आता औषध. आपल्याकडची क्रोसिन म्हणजे पॅरासिटॅमॉल. हेच रसायन अमेरिकेत आणि कॅनडात 'अ‍ॅसिटॅमिनोफेन' नावाने मिळतं, टायलेनॉल हा त्याचाच ब्रँड. ऑस्ट्रेलियात आणि सिंगापूरला पॅनाडॉल घेतात, तेही तेच. धोका असा की घरून आणलेली क्रोसिन घ्यायची, वरून दुकानातलं सर्दीचं औषध घ्यायचं, आणि त्यातही अ‍ॅसिटॅमिनोफेन असतं. दोन वेगळी औषधं समजून एकच औषध दुप्पट पोटात जातं आणि त्याचा मार यकृतावर बसतो. म्हणून पाकिटावरचं ब्रँडचं नाव नव्हे, खालच्या बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचायची सवय लावा. दम्याच्या पंपातलं 'सालब्युटामॉल' अमेरिकेत 'अल्ब्युटरॉल' होतं, 'अ‍ॅड्रेनलिन'चं 'एपिनेफ्रिन'. सोबतच्या प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांकडून ही दुसरी नावंही लिहून घ्या.

आजार सांगायची आपली पद्धतही बाहेर समजत नाही. 'आय हॅव शुगर', 'आय हॅव बीपी', 'लूज मोशन्स' ही तिन्ही वाक्यं इथे ठेवून जा. 'डायबेटिस', 'हाय ब्लड प्रेशर', 'डायरिया' म्हणा. ब्रिटनमध्ये 'बीन सिक' म्हणजे बहुधा उलटी झाली, नुसतं बरं नाही असं नाही.

आकडेही तपासा. रक्तातली साखर आपण आणि अमेरिकन मिलिग्रॅममध्ये मोजतो, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया मिलिमोलमध्ये. आपल्या आकड्याला १८ ने भागलं की तिकडचा आकडा येतो: १२६ म्हणजे ७, १८० म्हणजे १०. लंडनच्या यंत्रावर ९ दिसले म्हणून साखर कोसळली असं समजून तोंडात गूळ टाकू नका, ती १६२ आहे. तापाचंही तसंच, आपण आणि अमेरिका फॅरनहाइटवाले, बाकीचे सेल्सिअसवाले. १००.४ म्हणजे ३८.

६. ऑफिसात

पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांसाठी पहिला शब्द 'डाउट'. मीटिंगमध्ये "आय हॅव अ डाउट" म्हटलं की समोरच्याला ऐकू येतं, तुमच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही. 'क्वेश्चन' म्हणा, एवढ्याने बरीच कटुता टळते. 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला नेणं. "प्लीज रिव्हर्ट" असं लिहिलेली मेल एखाद्या प्रोग्रामरला गेली तर तो केलेला बदल खरोखर मागे घेईल. 'रिप्लाय' लिहा. 'डू द नीडफुल' चुकीचं नाही, जुनं आहे. पण त्यातून नेमकं काय हवंय ते कळत नाही, आणि खरं सांगायचं तर ते इथेही कळत नसतं. 'प्रीपोन'बद्दल मला मात्र अभिमान आहे, इतका तर्कशुद्ध शब्द इंग्रजांना सुचला नाही. तरी परक्या टीमला लिहिताना 'मूव्ह अप' किंवा 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा आणि पुढे नवी वेळ स्पष्ट द्या.

'टेबल' या क्रियापदाने तर दुसऱ्या महायुद्धात भांडण लावलं होतं. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक विषय तातडीने घ्यायचा होता म्हणून ते तो 'टेबल' करू म्हणाले. अमेरिकनांच्या भाषेत 'टेबल' करणं म्हणजे बाजूला सारणं, म्हणून त्यांनी जोरदार विरोध केला, आणि बऱ्याच वादावादीनंतर लक्षात आलं की दोघांना एकच हवं होतं. चर्चिलने आपल्या युद्धाच्या आठवणींत हा किस्सा नोंदवला आहे. आपली संसद ब्रिटिश अर्थाने चालते, विधेयक पटलावर ठेवलं जातं म्हणजे ते समोर येतं. अमेरिकन मॅनेजर 'लेट्स टेबल इट' म्हणाला तर तो विषय आज संपला.

'स्कीम' आपल्याकडे सरकारी योजना, अमेरिकन कानाला त्यात कारस्थानाचा वास येतो, तिथे 'प्रोग्रॅम' म्हणा. 'क्वाइट गुड' अमेरिकन बॉसने म्हटलं तर खूश व्हा, ब्रिटिश बॉसने म्हटलं तर काम बेताचंच झालंय. आणि दक्षिण आफ्रिकन सहकारी 'जस्ट नाउ' करतो म्हणाला तर वाट बघत उभं राहू नका. ते कधीतरी नंतर होणार. 'नाउ नाउ' म्हणाला तर लवकर.

तारखेचा घोळ एका सवयीने कायमचा मिटतो: महिना अक्षरात लिहा. ०३/०४ ही आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकनाला ४ मार्च. लंडनमध्ये कोणी 'हाफ सिक्स' म्हणालं तर साडेसहा, साडेपाच नव्हे.

७. लाज आणणारे, पटकन

ब्रिटनमध्ये 'पँट्स' म्हणजे आतली चड्डी, वरच्या कपड्याला 'ट्राउझर्स' म्हणा. अमेरिकेत 'रबर' म्हणजे निरोध, खोडायला 'इरेजर' मागा. ऑस्ट्रेलियात 'थाँग्ज' म्हणजे साध्या स्लिपर, बाकीच्या जगात तो अंतर्वस्त्राचा प्रकार. तिथेच क्रिकेट बघताना मी अमुक संघासाठी 'रूट' करतो असं अमेरिकन थाटात म्हणू नका, त्याचा अर्थ अश्लील होतो. 'बॅरॅक' म्हणतात. ऑस्ट्रेलियन यजमानाने 'ब्रिंग अ प्लेट' सांगितलं तर रिकामी ताटली नेऊ नका, एक पदार्थ करून न्यायचा असतो.

८. पोचल्यावर गावाचं इंग्रजी बघा

देशभर एकच इंग्रजी असतं असंही नाही. इंग्लंडात साधा गोल पाव मँचेस्टरकडे 'बार्म', लेस्टरकडे 'कॉब', कॉव्हेंट्रीत 'बॅच'. उत्तर इंग्लंडात बऱ्याच घरांत 'डिनर' दुपारी होतं आणि 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण, नुसता चहा घ्यायला म्हणून पोटभर खाऊन जाऊ नका. अमेरिकेत थंड पेयाला ईशान्येकडे 'सोडा', मध्य-पश्चिमेत 'पॉप' आणि दक्षिणेत ब्रँड कुठलाही असो, 'कोक'. हे आधी शिकून येण्यात अर्थ नाही. वस्तूकडे बोट दाखवून "याला इथे काय म्हणतात?" असं विचारा. लोक आनंदाने सांगतात, आणि शेजारच्या गावात चुकीचं म्हणतात हेही सांगतात.

शब्द घ्या, पण हेल उसना घेऊ नका. महिन्याभरात ऑस्ट्रेलियन 'मेट' आणि अमेरिकन 'यॉल' करणारा मराठी माणूस दोन्हीकडच्यांना अवघड वाटतो.

९. आईबाबा येणार असतील तर

त्यांना यादी पाठ करायला लावू नका. पाकिटात मावेल असं एक कार्ड छापून द्या. त्यावर तुमचा पत्ता, तिथल्या पद्धतीने लिहिलेल्या मजल्यासकट. आजारांची तिथली नावं. औषधांची ब्रँडची नव्हे, मूळ नावं आणि डोस. 'नो मीट, नो फिश, नो एग्ज' असं जे लागू असेल ते. आणि मोठ्या अक्षरांत तातडीचा नंबर: अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, ज्याला ते 'ट्रिपल झिरो' म्हणतात, न्यूझीलंडमध्ये १११, सिंगापूरला अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ९९५. हा नंबर त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या, कारण घाबरल्यावर बोटं आपोआप १०८ दाबतात.